टपालवाला की लेखक?
अरबी विज्ञानाच्या नेहमीच्या गोष्टीची एक तपासणी

विज्ञानाच्या इतिहासावरची जी लोकप्रिय पुस्तके आपल्या शाळांच्या ग्रंथालयांत असतात, त्यांपैकी बहुतेकांत एक परिच्छेद ठरलेला असतो. ग्रीकांनी विज्ञानाचा पाया घातला. पुढे युरोपात अंधारयुग आले. त्या काळात अरबांनी ग्रीकांचे ग्रंथ जपून ठेवले आणि भारतातून शून्यासह अंक नेले. मग हे सारे युरोपला परत मिळाले आणि आधुनिक विज्ञान जन्मले. सुमारे आठशे वर्षांचा आणि समरकंदपासून कॉर्डोव्हापर्यंतच्या भूभागाचा इतिहास असा सात-आठ ओळींत आटोपतो. पुढच्या पानावर कोपर्निकस उभाच असतो.

या परिच्छेदात उघड खोटे असे फारसे काही नाही. ग्रंथ जपले गेले, अंक नेले गेले, युरोपला ते मिळाले, हे सर्व खरेच आहे. तरीही ही गोष्ट विद्यार्थ्याच्या मनात एक चुकीचे चित्र उभे करते. या चित्रात मुस्लिम संस्कृतीकडे टपालवाल्याचे काम येते. एकाचे पत्र दुसऱ्याला पोचवायचे. आत काय लिहिले आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. अलीकडे याच्या नेमके उलटे चित्रही पुस्तकांतून आणि प्रदर्शनांतून दिसू लागले आहे. त्यात विमानापासून सूक्ष्मजंतूंपर्यंत सर्व काही बगदादला आणि कॉर्डोव्हाला आधीच सापडलेले असते. शिक्षकाने या दोन्ही चित्रांकडे कसे पाहावे, याचा विचार येथे करावयाचा आहे. या प्रश्नाचा पुष्कळसा पुरावा आपल्या कोकणात, आपल्या दप्तरांत आणि खुद्द मुंबईत आहे, हे आम्हांला विशेष महत्त्वाचे वाटते.

पत्र वाटेत बदलले

टपालवाल्याची उपमा तपासण्याची कसोटी सोपी आहे. पाठवलेले पत्र आणि पोचलेले पत्र शेजारी ठेवून पाहावे. ती जशीच्या तशी असतील तर उपमा बरोबर.

बगदाद शहराची स्थापना ७६२ मध्ये खलिफा अल-मन्सूर याने केली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांतच सिंधमधून आलेल्या एका शिष्टमंडळाबरोबर संस्कृत सिद्धांत-ज्योतिष त्याच्या दरबारात पोचले आणि त्याचे अरबी रूपांतर झाले. 'सिंदहिंद' या नावाने ते ओळखले जाते. त्यातला 'सिद्धांत' हा शब्द कोणालाही ओळखू यावा. या परंपरेत ब्रह्मगुप्ताच्या गणिताचा वाटा मोठा होता. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम दिले होते.

आता सुमारे दोनशे वर्षांनंतरचा अल-ख्वारिझ्मीचा बीजगणितावरचा ग्रंथ घ्या. त्याच्या नावातल्या 'अल-जब्र' या शब्दावरून 'अल्जिब्रा' आला आणि खुद्द ग्रंथकाराच्या नावावरून 'अल्गोरिदम'. त्यातले एक प्रसिद्ध उदाहरण नववीच्या वर्गात सहज करता येते: क्ष² + १०क्ष = ३९. अल-ख्वारिझ्मी येथे चौरस काढतो. क्ष बाजूचा एक चौरस घ्या. त्याच्या दोन लगतच्या बाजूंना ५ रुंदीचे दोन आयत जोडा. या तीन आकृत्यांचे मिळून क्षेत्रफळ ३९. कोपऱ्यात ५ × ५ चा एक चौरस कमी आहे; तो भरला की पूर्ण चौरस तयार होतो, क्षेत्रफळ ३९ + २५ = ६४. म्हणजे बाजू ८, आणि क्ष = ३. 'पूर्ण वर्ग करणे' हा शब्दप्रयोग आपण फळ्यावर यांत्रिकपणे वापरतो. तो अक्षरशः चौरस पूर्ण करणे होता, हे येथे विद्यार्थ्याला डोळ्यांनी दिसते.

या समीकरणाचे दुसरे उत्तर उणे १३ आहे. ते अल-ख्वारिझ्मी देत नाही. ऋण संख्या त्याच्या ग्रंथात उत्तर म्हणून येतच नाहीत, म्हणून त्याला वर्गसमीकरणांचे सहा वेगवेगळे प्रकार करावे लागतात. ब्रह्मगुप्ताच्या हाती ऋण संख्या होत्या. त्याच्याकडे एकच नियम पुरला असता. उलट ब्रह्मगुप्त नियम सांगतो, पण तो का खरा याची उपपत्ती मांडत नाही. अल-ख्वारिझ्मी ती आकृतीने मांडतो. म्हणजे या प्रवासात एक मौल्यवान गोष्ट वाटेत गळाली आणि दुसरी मौल्यवान गोष्ट नव्याने आली. टपालवाल्याच्या हातून असे होत नाही. असे होते ते वाचणाऱ्याच्या, समजून घेणाऱ्याच्या आणि स्वतः लिहिणाऱ्याच्या हातून.

'साइन' या शब्दाची कथा पुष्कळांना ठाऊक असते. धनुष्याच्या दोरीला संस्कृतात ज्या किंवा जीवा म्हणतात. जीवाचे अरबीत 'जीबा' झाले. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत आणि 'जीबा' या शब्दाला अरबीत काही अर्थही नव्हता. त्यामुळे तीच अक्षरे पुढे 'जैब' अशी वाचली गेली. जैब म्हणजे वस्त्राची घडी किंवा खिसा. हिंदीतला 'जेब' तो हाच. बाराव्या शतकातल्या लॅटिन भाषांतरकारांनी त्याचे भाषांतर घडी या अर्थाच्या 'सायनस' या शब्दाने केले. ही गोष्ट गमतीची म्हणून सांगून आपण थांबतो. पुढचा भाग सांगायचा राहतो. ज्येच्या जोडीला छायेवरून स्पर्शज्या आली, सहाही गुणोत्तरांची कोष्टके झाली, गोलावरच्या त्रिकोणांचे नियम सिद्ध झाले आणि त्रिकोणमिती ही ज्योतिषाची दासी न राहता गणिताची स्वतंत्र शाखा बनली. हे काम दहाव्या ते तेराव्या शतकांत अरबी भाषेत झाले. दशांश अपूर्णांकांचा वापर ९५२ मध्ये दमास्कसच्या अल-उक्लीदिसीच्या ग्रंथात आढळतो. १४२४ मध्ये समरकंदच्या अल-काशीने 'पाय'ची किंमत दशांश चिन्हानंतर सोळा स्थळांपर्यंत बरोबर काढली.

'अरब' म्हणजे कोण?

या गोष्टीतला दुसरा दोष 'अरब' या शब्दात आहे. अल-ख्वारिझ्मीचे नाव अरल समुद्राच्या दक्षिणेच्या ख्वारिझ्म प्रांतावरून आले आहे. अल-बिरूनी त्याच प्रांतातला. इब्न सीना बुखाऱ्याजवळच्या खेड्यातला. ग्रीक वैद्यकाचा सर्वांत मोठा भाषांतरकार हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता. गणिती साबित इब्न कुर्रा हा हर्रान गावचा, ग्रहतारे पूजणाऱ्या पंथातला. बगदादच्या स्थापनेचा मुहूर्त काढणाऱ्यांपैकी माशाअल्लाह हा ज्यू. खलिफांचे बर्मकी वजीर बल्ख येथल्या बौद्ध विहाराच्या प्रमुखांच्या वंशातले. या सर्वांची विज्ञानाची भाषा अरबी होती. वंश एक नव्हता आणि धर्मही एक नव्हता.

तेव्हा 'अरबी विज्ञान' हा शब्द 'संस्कृत वाङ्मय' या शब्दासारखा, म्हणजे भाषेच्या अर्थाने, वापरावा. 'मुस्लिम संस्कृती' हा शब्दही चालेल. मात्र त्या राज्यांत, त्या बाजारांत आणि त्या ग्रंथालयांत एकत्र वावरणाऱ्या सर्वांची मिळून झालेली संस्कृती, असा त्याचा अर्थ घ्यावा. एका धर्माच्या अनुयायांनी एकट्याने केलेले काम असा त्याचा अर्थ केला की गौरव करणारे आणि निंदा करणारे दोघेही सारखेच घसरतात.

आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद तयार होऊ लागला, हे कारणही या सर्वांच्या मुळाशी आहे. चर्मपत्रापेक्षा कागद स्वस्त. जकातीचा हिशेब, वारसाहक्काची वाटणी, जमिनीची मोजणी, नमाजाची वेळ आणि मक्केची दिशा ही सर्व कामे गणित मागणारी होती आणि गणित लिहायला कागद होता. संस्कृती बहरली ती काही कोणाच्या रक्तात विज्ञान होते म्हणून नव्हे. गरज, साधन आणि आश्रय या तिन्ही गोष्टी एका जागी आल्या होत्या.

एका डोंगरावरचा कोन

आता उलट्या चित्राकडे वळू. येथे आम्ही अल-बिरूनीचेच उदाहरण घेतो, कारण तो आम्हांला अत्यंत प्रिय आहे आणि म्हणूनच त्याच्याविषयीची अतिशयोक्ती आम्हांला अधिक खटकते.

महमूद गझनीच्या स्वाऱ्यांच्या काळात अल-बिरूनी पंजाबात आला. नंदना येथील डोंगरावरून त्याने पृथ्वीची त्रिज्या मोजली. रीत अशी: आधी डोंगराची उंची काढायची. मग माथ्यावरून क्षितिज पाहायचे. ते डोळ्याच्या पातळीच्या किंचित खाली दिसते. तो खाली झुकलेला कोन मोजायचा. त्रिज्या = उंची × कोनाची कोज्या ÷ (१ − कोनाची कोज्या). वाळवंटात शेकडो मैल दोऱ्या टाकीत जाण्याऐवजी एका डोंगरावर उभे राहून पृथ्वी मोजण्याची ही कल्पना अप्रतिम आहे, आणि दहावीच्या विद्यार्थ्याला ती पूर्णपणे समजते.

लोकप्रिय लेखनात पुढे लगेच येते, की त्याचे उत्तर आजच्या किमतीशी एक टक्क्याच्या आत जुळते. येथे शिक्षकाने थांबावे. त्याने मोजलेला कोन ३४ कला होता, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडा जास्त. या रीतीत त्रिज्या कोनाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यामुळे कोनात एका कलेची चूक झाली तर उत्तरात सुमारे सहा टक्क्यांची चूक होते. शिवाय हवेतून प्रकाशकिरण वाकतात, त्यामुळे क्षितिज आहे त्याहून वर दिसते आणि कोन लहान भरतो. एवढ्याने उत्तर पंधरा टक्क्यांच्या घरात वाढू शकते. त्याचा हात, म्हणजे लांबीचे एकक, आजच्या मापात नेमका किती याबद्दलही मतभेद आहेत. ज्या मोजमापात एवढी अनिश्चितता आहे, त्याचे उत्तर एक टक्क्यात जुळते हे सांगणे म्हणजे हाताच्या लांबीची सोयीची किंमत निवडणे, किंवा दोन चुकांनी एकमेकींना खाल्ले असे कबूल करणे होय.

अल-बिरूनीचे मोठेपण रीतीत आहे; योगायोगाने जुळलेल्या आकड्यात नाही. मुंबईच्या शिक्षकांना हे पडताळून दाखवता येईल. मलबार हिलवरून, समुद्रसपाटीपासून सुमारे पन्नास मीटर उंचीवरून, अरबी समुद्राचे क्षितिज पाहिले तर ते किती खाली झुकलेले असेल याचे गणित विद्यार्थ्यांना करू द्यावे. उत्तर चौदा कलांच्या आसपास येते, म्हणजे पाव अंशाहून कमी. मग त्यांच्या कंपासपेटीतला कोनमापक हाती द्यावा. त्यावरची सर्वांत लहान खूण एका अंशाची, म्हणजे साठ कलांची आहे. अचूकता म्हणजे काय आणि तिच्याविषयीचे दावे कसे तपासावेत, हे या दोन आकड्यांतून जेवढे कळते तेवढे व्याख्यानाने कळत नाही.

एकच तराजू

असाच दुसरा दावा उड्डाणाचा आहे. नवव्या शतकात स्पेनमधल्या अब्बास इब्न फिर्नासने पंख लावून उड्डाण केले, असे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. त्याचे सविस्तर वर्णन देणारा अल-मक्करी हा इतिहासकार सतराव्या शतकातला. मधे सुमारे साडेसातशे वर्षे गेली. त्याच्या मागे एका जुन्या कवितेतल्या उल्लेखापलीकडे फारसे काही नाही. तेव्हा ही आख्यायिका म्हणून सांगावी, विमानविद्येचा इतिहास म्हणून सांगू नये.

हे वाचून आपल्यापैकी काहींना बरे वाटेल. त्यांनी आता गिरगाव चौपाटीवर यावे. १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी येथे वैदिक ज्ञानाच्या आधारे विमान उडवले, असे आपल्याकडे तितक्याच अभिमानाने सांगितले जाते. त्या उड्डाणाचा तपासता येईल असा कोणताही तांत्रिक पुरावा, म्हणजे आराखडा, मोजमापे किंवा यंत्राचे अवशेष, मांडला गेलेला नाही. या संदर्भात ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला दिला जातो, तो ग्रंथ विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत तोंडी सांगून लिहवला गेला. १९७४ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्यातली विमाने तपासली आणि ती उडू शकणारी नाहीत असा निष्कर्ष काढला.

इब्न फिर्नासला एक तराजू आणि तळपद्यांना दुसरा, असे करणाऱ्याला विज्ञानाचा इतिहास शिकवता येणार नाही, मग तो कोणत्याही बाजूचा असो. आमच्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा हाच आहे. गिरगावातल्या आणि परळमधल्या एकाच वर्गात दोन्ही घरांतली मुले शेजारी बसू शकतात. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ नंतर या शहरातल्या पुष्कळ वस्त्या धर्मांनुसार वेगळ्या झाल्या, आणि काही वर्गांतून अशी शेजारची बाके उरलीही नाहीत. मुलांना 'तुमचे' आणि 'आमचे' विज्ञान असे वाटून देण्याची जोखीम आपण घेऊ शकत नाही. आपल्या पूर्वजांचा खोटा गौरव आणि दुसऱ्याच्या पूर्वजांचे खरे काम पुसणे या दोन्ही गोष्टी एकाच सवयीतून येतात: पुरावा न मागण्याच्या.

कोकणच्या किनाऱ्यावरून

नेहमीच्या गोष्टीत आणखी एक उणीव आहे. ती सर्व काही दूर कुठेतरी घडवते. महाराष्ट्राशी मुस्लिम संस्कृतीचा संबंध सांगायचा झाला की पुस्तके १२९६ मधल्या अलाउद्दीन खिलजीच्या देवगिरीवरच्या स्वारीपासून सुरुवात करतात. प्रत्यक्षात हा संबंध त्याच्या साडेसहाशे वर्षे आधीचा आहे आणि तो समुद्रावरून आला.

पहिला प्रसंग लढाईचा आहे, हे लपवण्याचे कारण नाही. खलिफा उमर याच्या काळात, ६३६ च्या सुमारास, एका अरबी आरमाराने ठाण्यावर चाल केल्याची नोंद अल-बलाधुरी हा इतिहासकार करतो. ही स्वारी खलिफाला पसंत पडली नाही, असेही तो सांगतो. पुढची चित्रे व्यापाराची आहेत. प्रवासी अल-मसऊदी ९१६ च्या सुमारास सैमूर येथे, म्हणजे आपल्या चौलला आला. तेथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहत असल्याचे तो लिहितो. ओमान, सिराफ, बसरा, बगदाद येथून आलेले लोक त्यांत होते आणि येथेच जन्मलेलेही होते. त्यांचे आपसातले व्यवहार पाहणारा त्यांच्यातलाच एक अधिकारी येथल्या राजाने नेमलेला होता.

त्यानंतर दहा वर्षांनी, शके ८४८ म्हणजे ९२६ मध्ये, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला एक ताम्रपट कोरला गेला. १९५५ मध्ये तो डहाणू तालुक्यातल्या चिंचणी येथे मिळाला. संजाण मंडलाचा कारभार पाहणारा अधिकारी 'मधुमती' हा ताजिक वंशातला, म्हणजे अरब, असल्याचे त्यात म्हटले आहे. मधुमती हे 'मुहम्मद' या नावाचे संस्कृत रूप आहे असे अभ्यासक मानतात. या मधुमतीने बंदरांवरच्या सरदारांना जिंकून तेथे आपले अधिकारी नेमले. त्यानेच दोन प्रवाहांवर फुकट तर सुरू केली. भात, कालवण आणि तूप मिळणारे अन्नछत्र घातले. आणि एका देवीच्या मठिकेला राजाच्या संमतीने जमीन दिली. एका अरब अधिकाऱ्याची ही सगळी हकीकत संस्कृतात, तांब्याच्या पत्र्यावर आहे. हा काही दोन धर्मांच्या ऐक्याचा जाहीरनामा नाही. तो एका कर्तबगार अधिकाऱ्याचा व्यवहार आहे. पण ज्या व्यवहारात तर, अन्नछत्र आणि मठिका बसतात, त्यात अंक, गलबते आणि ग्रंथही ये-जा करू शकतात.

पुढच्या काळाची दोनच उदाहरणे देतो. आजच्या दादरच्या शेजारी माहीमला ज्यांचा दर्गा आहे ते मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे अरबीत कुराणावर भाष्य लिहिणारे पंडित होते. दर्ग्याच्या जत्रेला लाखो मुंबईकर जातात. येथे एका ग्रंथकाराची कबर आहे हे त्यांतल्या किती जणांना सांगितले जाते? दुसरे उदाहरण दौलताबादजवळचे. बहमनी सुलतान फिरोजशहा याने १४०७ मध्ये तेथल्या घाटमाथ्यावर वेधशाळेचे काम सुरू केले. ज्याच्या भरवशावर ते घेतले होते तो हकीम हसन गिलानी मरण पावला आणि काम अर्धवट राहिले. उलुगबेगाची समरकंदची प्रसिद्ध वेधशाळा यानंतरच्या दशकांतली आहे. एका माणसाच्या मृत्यूने जी संस्था थांबते ती संस्था नव्हतीच, हा धडाही येथे आहे.

मोडी कागदांतला गणिताचा तास

शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदांत एक कालगणना आढळते: शुहूर सन. तिचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात. इसन्ने म्हणजे दोन, खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. शिवराज्याभिषेकाचे वर्ष या गणनेत 'खमस सबैन अलफ', म्हणजे १०७५. पानिपतचा संग्राम 'इहिदे सितैन मया अलफ', म्हणजे ११६१. आधी एकक, मग दशक, ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. 'पंचाहत्तर' म्हणताना आपणही आधी पाचच म्हणतो.

ही गणना १३४४ च्या सुमारास, तुघलकांच्या अमलात दख्खनमध्ये सुरू झाली असे मानतात. तिच्यामागचा प्रश्न शेतकऱ्याचा होता. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. त्यात अधिक महिना नाही. त्यामुळे ते ऋतूंतून मागे सरकत जाते. सारा मात्र पीक आल्यावरच वसूल करता येतो. म्हणून वर्षाची संख्या हिजरीतून घेतली आणि वर्षाची लांबी सूर्याकडून. आरंभ मृग नक्षत्राला, म्हणजे पेरणीच्या दिवसांत. म्हणूनच तिला मृगसाल असेही नाव आहे.

आता वर्गात हे गणित द्यावे. १३४४ मध्ये हिजरी आणि शुहूर दोन्ही वर्षे ७४५ होती. जून १६७४ मध्ये हिजरी वर्ष १०८५ होते आणि शुहूर १०७५. हा दहा वर्षांचा फरक कोठून आला? दरवर्षी सुमारे ११ दिवसांचा फरक; ३३० वर्षांत सुमारे ३,६०० दिवस; भागिले ३५४; उत्तर दहाच्या किंचित वर. इतिहास, भूगोल, खगोल आणि साधा भागाकार एका तासात एकत्र येतात. शिवाय 'वजाबाकी' या शब्दातले 'वजा' आणि 'बाकी' हे दोन्ही शब्द अरबी, आणि 'गुणाकार', 'भागाकार' संस्कृत, हे विद्यार्थ्यांना सांगितले की संस्कृतींची देवाणघेवाण म्हणजे काय याची वेगळी व्याख्या द्यावी लागत नाही.

शेवट कोणी केला?

नेहमीच्या गोष्टीचा शेवटही ठरलेला असतो. अल-गझालीने तत्त्वज्ञानावर टीका केली, किंवा १२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त केले, आणि विज्ञान संपले. हा शेवट तारखांपुढे टिकत नाही. अल-गझाली वारला ११११ मध्ये. फुप्फुसांतून होणारे रक्ताभिसरण वर्णन करणारा इब्न अल-नफीस तेराव्या शतकातला. बगदाद पडल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, १२५९ मध्ये, त्याच हुलागूच्या आश्रयाने नसीरुद्दीन तूसीने मराघा येथे वेधशाळा उभारली. चौदाव्या शतकातल्या दमास्कसच्या इब्न अल-शातिरने चंद्राच्या गतीसाठी जी भौमितिक रचना केली, ती १५४३ च्या कोपर्निकसच्या ग्रंथातल्या रचनेशी गणिती दृष्ट्या जुळते. हे साम्य अभ्यासकांच्या ध्यानात आले ते १९५० च्या दशकात. म्हणजे आपल्या पुस्तकात पुढच्या पानावर जो कोपर्निकस उभा आहे, त्याच्या पायाखालच्या काही फरशा या वगळलेल्या पानावरच्या आहेत.

ऱ्हास झालाच नाही असे मात्र कोणी म्हणू नये. इस्तंबूलची वेधशाळा १५८० मध्ये सुलतानाच्या हुकमाने पाडली गेली, त्याच दशकांत टायको ब्राहेची वेधशाळा डेन्मार्कमध्ये उभी राहत होती. व्यापाराचे मार्ग बदलले, छापखाना उशिरा आला, आश्रयदाते बदलले. यांतले नेमके किती वजन कशाला द्यावे यावर वाद आहेत आणि ते होत राहतील. एका माणसावर, एका पुस्तकावर किंवा एका धर्मावर सगळे ढकलून मोकळे होणाऱ्या उत्तरावर विद्यार्थ्यांनी विश्वास ठेवू नये, एवढे आपण शिकवू शकतो.

ग्रंथालयाचा पत्ता

हा विषय मुंबईला नवा नाही. एडवर्ड रेहात्सेक हे हंगेरियन गृहस्थ १८४७ मध्ये मुंबईत आले, विल्सन कॉलेजात गणित आणि लॅटिन शिकवत राहिले आणि १८९१ मध्ये येथेच वारले. त्यांनी मुल्ला फिरोज ग्रंथालयातल्या अरबी-फारसी हस्तलिखितांची सूची १८७३ मध्ये प्रसिद्ध केली. लगेच त्यांनी अरब ज्योतिर्विदांच्या कामावर आणि त्याच ग्रंथालयातल्या एका अ‍ॅस्ट्रोलेबवर, म्हणजे ताऱ्यांची उंची मोजून वेळ काढण्याच्या यंत्रावर, एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात निबंध लिहिला. ज्या मुल्ला फिरोजांचा हा संग्रह, ते पारशी पंडित लहानपणी वडिलांबरोबर १७६८ मध्ये इराणला गेले होते. पारशी पंचांगाचा वाद सोडवण्यासाठी माहिती आणणे हे त्या प्रवासाचे एक कारण होते. हा संग्रह आज फोर्टमधल्या के. आर. कामा प्राच्यविद्या संस्थेत आहे. एका पारशाने जमवलेली अरबी-फारसी हस्तलिखिते, त्यांची सूची करणारा हंगेरियन गणिताचा प्राध्यापक: विज्ञानाचा इतिहास खरोखर कसा चालतो, याचे याहून चांगले उदाहरण शोधायला बगदादला जाण्याची गरज नाही.

शेवटी पुन्हा अल-बिरूनीकडे. सुमारे १०३० मध्ये त्याने हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला. त्यासाठी तो संस्कृत शिकला. त्यात कोकणची राजधानी म्हणून ठाण्याचा उल्लेख आहे. ज्या महमूदाच्या राज्यात तो राहत होता त्याच्या स्वाऱ्यांनी हा देश उद्ध्वस्त झाला आणि येथली विद्या दूर निघून गेली, हे त्याने स्पष्ट लिहिले. ग्रहणाचे खरे कारण माहीत असूनही राहूच्या समजुतीला मान तुकवल्याबद्दल त्याने ब्रह्मगुप्ताला धारेवर धरले. आणि त्याच ब्रह्मगुप्ताच्या गणिताबद्दल आदरही दाखवला. युक्लिडचे ग्रंथ आपण येथल्या पंडितांसाठी संस्कृत श्लोकांत उतरवत आहोत, असेही तो सांगतो. म्हणजे तो नुसता घेऊन गेला नाही, देऊही पाहत होता.

स्वतःच्या राजाविषयी खरे सांगणे, परक्या गुरूच्या चुका दाखवणे आणि तरीही त्याच्याकडून शिकणे, या तीन गोष्टी एका माणसाला अकराव्या शतकात जमल्या. आपल्या पुस्तकांतला तो सात-आठ ओळींचा परिच्छेद नव्याने लिहायचा झाला, तर तो याच तीन कसोट्यांवर घासून लिहावा, अशी आमची शिक्षकांना विनंती आहे. तोवर फळ्यावर तो चौरस काढून ३९ मध्ये २५ मिळवायला कोणाची परवानगी लागत नाही.